दोन फितींचे गवत : ओळख पटल्याशिवाय उपटू नका



गेल्या पावसाळ्यातले श्रमदान तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. शाळेमागच्या तलावाचे निम्मे पाणी गवताने झाकले होते. रविवारी सकाळी पीटी आटोपून दोन तुकड्या विळे-खुरपी घेऊन काठावर उतरल्या. "जमिनीवर सरपटणारे, गाठीगाठीला मुळे फुटलेले, बारीक पानांचे गवत दिसेल ते उपटा," असा आदेश मी दिला. दोन तासांत चांगले सहा ढीग लागले. तेवढ्यात माळीबाबा आले. एका ढिगातली काडी उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "साहब, यह तो दूब है. पानीवाली घास तो उधर वैसी ही खड़ी है."

त्यांचे खरे होते. एका तुकडीने पाण्यातले गवत काढले होते, पण दुसरीने बांधाच्या उतारावरची हरळी मुळासकट उपटली होती. म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिनेच बांधाची माती धरून ठेवली होती. पुढच्या जोराच्या पावसात बांधाचा तेवढा भाग खचला आणि माती तलावात गेली. पाण्यातून काढलेले ढीग आपण खालच्या नाल्याच्या कडेला टाकले होते. तिथे तुकड्यांना मुळे फुटली आणि महिन्याभरात नालाही हिरवा झाला. तलाव साफ करायला गेलो, तर बांध गमावला आणि नाला बिघडवला.

तुमच्या कष्टात काही उणे नव्हते. चूक माझ्या आदेशात होती. मी केलेले वर्णन दोन्ही गवतांना तंतोतंत लागू पडत होते. ओळख पटल्याशिवाय गोळी झाडायची नाही, हे रेंजवर आपण शिकतो. खुरपे हातात घेतानाही तोच नियम पाळायला हवा. म्हणून हा पाठ.

हे गवत कोणते, आणि त्याने बिघडते काय?

तलावातल्या गवताचे शास्त्रीय नाव पॅस्पॅलम डिस्टिकम. इंग्रजी नावाचा अर्थ 'गाठीचे गवत' असा होतो, म्हणून या पाठात आपण त्याला गाठगवत म्हणू. ते मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले मानले जाते. आज ते जगभरच्या उष्ण आणि समशीतोष्ण भागांत तळी, कालवे, भातखाचरे अशा ओल्या जागी पसरले आहे. काठावर रुजते, तिथून धावत्या फांद्या पाण्यावर सोडते आणि बघता बघता हिरवी सतरंजी अंथरते.

या गवताची भारतातली सर्वांत गाजलेली गोष्ट राजस्थानातल्या भरतपूरची आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे, पण पाणपक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध. १९८१ मध्ये त्याची रामसर यादीत नोंद झाली आणि १९८५ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले. आसपासच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान्पिढ्या तिथे चरत असत. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, संघर्ष झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही जणांचे प्राण गेले. म्हशी गेल्या की पक्ष्यांना निवांतपणा मिळेल, असा बंदीमागचा हिशेब होता.

घडले उलटेच. म्हशी खात होत्या ते मुख्यतः हेच गाठगवत. त्या गेल्यावर ते बेसुमार वाढले आणि उघडे, उथळ पाणी झाकू लागले. पोहणाऱ्या बदकांना जागा उरेना, माशांवरही परिणाम झाला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात तिथे अनेक वर्षे अभ्यास केला. या पाणथळीला म्हशींची चराई उपकारक होती, असा निष्कर्ष त्यातून निघाला. १९९० मध्ये केवलादेव रामसरच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले. पाण्याची टंचाई आणि बिघडलेली चराई ही त्याची कारणे होती. गाठगवताच्या फैलावाने उद्यानाचा मोठा भाग पाणपक्ष्यांना, विशेषतः सायबेरियन क्रौंचाला, गैरसोयीचा झाल्याची नोंदही रामसरच्या कागदपत्रांत आहे. हा क्रौंच पुढे भरतपूरला येईनासा झाला. त्यामागे प्रवासमार्गावरची शिकार अशी इतरही कारणे होती, सगळा दोष गवताच्या माथी मारता येणार नाही.

या हकिकतीतून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बारीकसे गवत मोठ्या पाणथळीचे रूप पालटू शकते. दोन, उपाय योजण्यापूर्वी ते कोणते गवत आहे आणि त्याला कोण खाते, हे ठाऊक हवे.

आधी अवयव, मग ओळख

साहित्य अगदी थोडे लागते : दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, धारदार चाकू, वही-पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रे. काडी उपटल्यावर पाच गोष्टी पाहायच्या.

१. गाठ : कांड्याचा जोड. ती गुळगुळीत आहे की केसाळ?

२. कांडे : चाकूने आडवे कापा. आत पोकळ आहे की भेंडासारखा गर भरलेला?

३. पानाची जिभली : गवताचे पान खाली खोळीसारखे कांड्याला वेढते आणि वर मोकळे होते. खोळ संपून पान सुरू होते त्या सांध्यावर, आतल्या बाजूला, एक छोटासा पापुद्रा किंवा केसांची ओळ असते. शास्त्रात तिला लिग्यूल म्हणतात, आपण जिभली म्हणू. पान हलकेच मागे वाकवले की ती दिसते. बहुतेक गवतांना तुरा नसतानाही जिभली असते, म्हणून ती भरवशाची खूण.

४. तुरा : त्याला फिती किती? त्या एकाच बिंदूतून फुटतात की देठावर वरखाली?

५. कणिशक : फितीवर ओळीने बसलेला, दाण्यासारखा दिसणारा फुलांचा पुडका. त्याची लांबी, आकार आणि त्यावरची लव पाहायची.

तुरा म्हणजे गवताच्या बाहीवरचा हुद्दा. संचलनात सगळे एकाच खाकीत असतात, पण बाहीवर दोन फिती दिसल्या की नाईक आणि तीन दिसल्या की हवालदार, हे तुम्ही लांबूनच सांगता. गवताचा गणवेश हिरवा असतो. फिती मोजायची सवय इथेही कामी येते.

पहिली फोड : हरळी की गाठगवत?

गेल्या वर्षी आपण इथेच फसलो. दोन्ही सरपटतात, दोन्हींच्या गाठींना मुळे फुटतात आणि कोवळेपणी दोन्हींची पाने सारखीच वाटतात.

हरळीच्या तुऱ्याला बहुधा तीन ते सहा बारीक फिती असतात. त्या एकाच बिंदूतून, पक्ष्याच्या पंजासारख्या फुटतात. गाठगवताला जवळजवळ नेहमी दोनच फिती, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. क्वचित तिसरी असते. नीट पाहिले तर त्या दोनपैकी एक फीत किंचित खालून निघालेली दिसते.

तुरा नसेल तर जिभली पाहा. हरळीची जिभली म्हणजे आखूड केसांची झालर. गाठगवताची जिभली म्हणजे पातळ, पारदर्शक पापुद्रा. भिंगाखाली हा फरक इतका स्पष्ट असतो की एकदा पाहिला की विसरत नाही. शिवाय गाठगवताचे कांडे जाड आणि रसरशीत असते, हरळीचे बारीक आणि चिवट.

जागेवरून मात्र निकाल देऊ नका. हरळी बांधावर आणि गाठगवत पाण्यात, हे बहुतेक वेळा खरे ठरते. पण पाणी आटले की गाठगवत बांधावरही दिसते, आणि पाऊस चढला की हरळीही पाण्यात उभी असते. जागा हा संशय घेण्यापुरता पुरावा, शिक्षा देण्यापुरता नव्हे.

दुसरी फोड : दोन फितींची तीन भावंडे

दोन फिती दिसल्या म्हणजे काम संपले असे समजू नका. पॅस्पॅलम कुळातली निदान तीन गवते दोन फिती मिरवतात.

गाठगवत, पॅस्पॅलम डिस्टिकम. मुख्यतः गोड्या पाण्याचे. पाने मऊ, सपाट. गाठींवर बहुधा केस. कणिशक सुमारे अडीच ते साडेतीन मिलिमीटर लांब, लंबगोल. कणिशकाची एक बाजू सपाट आणि एक फुगीर असते. फुगीर बाजूच्या तुसावर बारीक, चिकटून बसलेली लव असते. सपाट बाजूच्या तळाशी बऱ्याचदा एक चिमुकला त्रिकोणी खवलाही दिसतो.

किनारी पॅस्पॅलम, पॅस्पॅलम व्हॅजिनॅटम. खाऱ्या पाण्याचे : खाड्या, मिठागरांच्या कडा, समुद्रकाठचे ओले मैदान. पाने अरुंद, ताठर, कडांनी आत वळलेली. कणिशक थोडे लांब आणि निमुळते, तीन ते साडेचार मिलिमीटर. त्यावर लव नाही, आणि तळाचा तो खवलाही नाही. खारे पाणी सोसत असल्यामुळे हे गवत अनेक देशांत गोल्फच्या मैदानांवर मुद्दाम लावतात. नौदलात जाऊ पाहणाऱ्यांनी आपल्या गावच्या खाडीवर हे शोधावे.

रुंद फितींचे पॅस्पॅलम, पॅस्पॅलम कॉन्जुगॅटम. हेही अमेरिकेहून आलेले. केरळ, ईशान्य भारत अशा भरपूर पावसाच्या मुलखात, ओलसर सावलीत, मळ्यांच्या कडेला सापडते. याच्या दोन फिती लांबलचक, आडव्या पसरलेल्या असतात. तुरा टी अक्षरासारखा दिसतो. कणिशके मात्र अगदी लहान, दीड ते दोन मिलिमीटर, चपटी, गोलसर, आणि कडेला रेशमी केसांची झालर. या तिघांत ओळखायला हे सर्वांत सोपे.

खरी कसोटी पहिल्या दोघांत आहे. ती दोन्ही इतकी सारखी आहेत की वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतही त्यांच्या नावांचा दीर्घकाळ गोंधळ होता. काही पुस्तकांत डिस्टिकम हे नाव खाऱ्या पाण्यातल्या गवताला दिलेले आढळते आणि गोड्या पाण्यातल्याला पॅस्पॅलोडीस म्हटलेले असते. म्हणून जुने पुस्तक वाचताना नावावर जाऊ नका, वर्णन वाचा. लव आहे का? खवला आहे का? पान सपाट की वळलेले?

याच कुळात आपला कोद्राही आहे, ज्याला कोकणात हरीक म्हणतात. तो परका नव्हे, आपल्या पूर्वजांच्या ताटातला आहे. तो झुपक्याने उभा वाढतो, पाण्यावर सतरंजी अंथरत नाही. त्याच्या फिती दोन ते पाच असतात आणि कणिशके गोलसर, टपोरी. दोन फितींचा कोद्रा पाहून खुरपे उचलू नका.

आडदांड गडी : पॅरा गवत

पाणथळीतले दुसरे आगंतुक म्हणजे पॅरा गवत, मूळचे आफ्रिकेचे. ब्राझीलमधल्या पारा या भागावरून नाव पडल्यामुळे ते तिथलेच, असा गैरसमज होतो. ओल्या, अगदी सांडपाण्याच्या जमिनीतही भरघोस चारा देते म्हणून ते देशोदेशी लावले गेले. मुंबईच्या आरे दूध वसाहतीतही म्हशींसाठी त्याची लागवड होत आली आहे. शेतात ते उपयोगी, पण तलावात शिरले की पुरुषभर गुंता करते.

याची गाठ पाहिली की ओळख पटते : पांढऱ्या केसांचा दाट पट्टा, जणू दाढी. पान बोटाएवढे रुंद, तुऱ्याला वरखाली दहा-वीस फिती. त्याच्यासारखी दिसणारी दोन गवते वेगळी काढायला शिका. हायमेनॅकनी या गवताचे कांडे कापले तर आत पांढरा, भेंडासारखा गर दिसतो, पॅराचे कांडे पोकळ असते. दुसरे म्हणजे सावा-बर्टीच्या कुळातली, भाताच्या खाचरात दिसणारी रानगवते. त्यांच्यापैकी बहुतेकांना जिभलीच नसते. खोळ आणि पान यांच्या सांध्यावर काहीच नाही, इतकी साधी खूण आहे ती.

सातासमुद्रापारची एक चूक

आपली चूक लहान होती. तशीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात आहे.

तिथल्या खाजणात स्पार्टिना फोलिओसा हे देशी गवत आहे. कॅलिफोर्नियाच्याच उत्तरेकडच्या हम्बोल्ट उपसागरात तसेच एक गवत वाढत होते. ते देशी स्पार्टिनाचाच एक प्रकार, असे सगळे धरून चालले होते. १९७६ च्या सुमारास कॉर्ट मडेरा खाडीकाठच्या क्रीकसाइड पार्कमध्ये खाजण पुन्हा वसवण्याचे काम निघाले, तेव्हा तिथून रोपे आणून लावली गेली. पुढे बारकाईने अभ्यास झाल्यावर कळले, की ते दक्षिण अमेरिकेतले स्पार्टिना डेन्सिफ्लोरा. लाकडाच्या व्यापाराच्या काळात चिलीकडून येणाऱ्या जहाजांच्या तळभारातून ते आले असावे, असे मानतात. दोघांत फरक होता : देशी गवत जमिनीखालच्या खोडांनी विरळ पसरते, आणि हे घट्ट झुपके करते. तो फरक कोणी गंभीरपणे घेतला नव्हता. निसर्ग सावरायला निघालेल्या माणसांनी स्वतःच्या हातांनी परके गवत लावले.

त्याच दशकात त्याच उपसागरात अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर दलाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा लावले. हेतू चांगला होता : खाजण उभे करणे. पण या गवताचा देशी स्पार्टिनाशी संकर झाला, आणि संकरित पिढी दोघांपेक्षा जोमदार निघाली. पक्ष्यांना चरायला लागणारी उघडी चिखलमैदाने ती व्यापू लागली. २००० साली तिच्या निर्मूलनासाठी वेगळा प्रकल्प सुरू करावा लागला. संकरित गवत कधी आईसारखे, कधी बापासारखे दिसते. त्यामुळे भिंग पुरले नाही, आनुवंशिक तपासणीची मदत घ्यावी लागली. भरीला तिथला एक दुर्मीळ, पाणकोंबडीच्या जातकुळीतला पक्षी याच संकरित गवतात घरटी करू लागला होता. त्याच्यासाठी काही ठिकाणी निर्मूलन थांबवावे लागले.

ज्यांनी लावले ते अडाणी नव्हते, आळशीही नव्हते. त्यांनी ओळखीच्या पायरीवर घाई केली, आणि ती घाई पुढच्या पिढीला निस्तरावी लागली.

तीन खुणांचा नियम

नकाशा वाचताना आपले ठिकाण काढायचे तर एका खुणेची दिशा घेऊन भागत नाही. दोन घ्याव्या लागतात आणि तिसरीने पडताळा करावा लागतो. गवताचेही तसेच करा. तुरा, जिभली आणि गाठ, किंवा तुरा, कणिशक आणि पान, अशा तीन खुणा जुळल्या तरच नाव घ्या. दोन जुळल्या आणि तिसरी जुळली नाही, तर वहीत 'संशयित' लिहा आणि नमुना वर्तमानपत्रात दाबून ठेवा. 'माहीत नाही' असा अहवाल देणाऱ्याला मी कमी गुण देणार नाही. अंदाजाने नाव ठोकणाऱ्याला मात्र देईन.

ओळख पटल्यावरही थेट उपटायला धावू नका. आधी या तीन प्रश्नांची उत्तरे द्या.

हे गवत इथे कोणते काम करते? माती धरते, चारा देते, की कुणाचे घरटे सांभाळते?

काढल्यावर टाकणार कुठे? गाठगवताचा आणि पॅराचा एकेक गाठीचा तुकडाही ओल्यात रुजतो. म्हणून ढीग पाण्यापासून दूर, कोरड्या उघड्या जागी पूर्ण वाळवायचे, किंवा गुरांना घालायचे.

उघडी पडलेली जागा पुन्हा कोण व्यापणार? तिथे देशी काही लावले नाही, तर तेच गवत परत येणार.

यंदाचा हिशेब

या वर्षी आठवी आणि नववीच्या छात्रांनी आधी दोन रविवार फक्त पाहणी केली. काठाचे दहा-दहा पावलांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा नकाशा काढला. तिसऱ्या रविवारी नकाशा घेऊन गेलो आणि फक्त गाठगवताच्या खुणा असलेल्या जागीच हात घातला. एका कोपऱ्यात आठवीचा एक छात्र थांबला आणि म्हणाला, "सर, याला फिती दोनच आहेत, पण हे उभे वाढलेय, आणि दाणे गोल आहेत." तो कोद्रा होता. नकाशात तो आम्ही सगळ्यांनीच गाठगवत म्हणून रंगवला होता, मीसुद्धा. आता तो तिथेच उभा आहे.

काढलेले गवत माळीबाबांच्या म्हशींनी संपवले. बांधावर आपण हरळीचे ठोंब परत लावले आहेत, अर्धे जगलेत. खचलेला भाग पूर्ववत व्हायला अजून दोन पावसाळे तरी लागतील. उपटायला आपल्याला दोन तास लागले होते.

स्वाध्याय

१. मैदानाच्या कडेची हरळी आणि तलावातले गाठगवत यांची प्रत्येकी एक काडी घ्या. तुरा न पाहता, फक्त जिभलीवरून दोन्ही ओळखा. जिभलीची आकृती काढा.

२. सुट्टीत आपापल्या गावी जाल तेव्हा जवळच्या ओढ्या-तळ्यातले, किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी खाडीकाठचे, दोन फितींचे गवत शोधा. वर दिलेल्या खुणांवरून ते तीन भावंडांपैकी कोणते ते ठरवा. दाबलेला नमुना, ठिकाण आणि तारखेसह सोबत आणा.

३. भरतपूरच्या म्हशी हटवण्याचा निर्णय तुम्हाला घ्यायचा असता, तर त्याआधी कोणती माहिती गोळा केली असती? दहा ओळींत लिहा.

४. घरातल्या थोरांना विचारा : तुमच्या भागात पाण्यातल्या गवतांना कोणती नावे आहेत, आणि गुरे त्यांतले कोणते आवडीने खातात? ती नावे जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. माळीबाबांना शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, पण आपल्या सगळ्यांत दूब ओळखली ती त्यांनीच.